वाटसरू सगळ्यांत शेवटी येतो

अठराव्या शतकातला निसर्गचित्रकार रिचर्ड विल्सन याच्या ‘द व्हाइट मंक’ या चित्रापुढे उभं राहिलं की माणूस आधी नावातला तो पांढरा साधू शोधायला लागतो. तो पटकन सापडत नाही. पलीकडच्या उंच कड्यावर, क्रुसाच्या जवळ, तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके दिसतात, ते साधू. तिथवर पोचेस्तोवर नजर दोन-तीनदा खाली येऊन टेकलेली असते, आणि ती टेकते पुढच्या गवतावर छत्री घेऊन निवांत बसलेल्या मंडळींपाशी. नाव साधूंना मिळालं, पण बघणाऱ्याला चित्रात बसायला जागा दिली ती या बसलेल्यांनी.

विल्सनने ही रचना स्वतः पुन्हा पुन्हा रंगवली. खपणाऱ्या अशा रचनेला तो ‘गुड ब्रीडर’ म्हणायचा, म्हणजे चांगली व्यायणारी. गोठ्यातला शब्द आहे, पण व्यवहाराला धरून आहे. एकच डोंगर, एकच दरी, तेच दूरचे साधू आणि तीच बसलेली माणसं. गिऱ्हाईक बदललं की कॅनव्हासचा आकार बदलायचा, आकाश थोडं तांबूस व्हायचं. माणसं मात्र उठून गेली नाहीत. ती उठली असती तर चित्र विकलं गेलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. तसं का वाटतं ते नीट मांडायचं तर या माणसांना कुठे बसवतात, कसं रंगवतात आणि अडीचशे वर्षांत त्यांचं काय होतं, हे सगळं बघावं लागतं.

अठराव्या शतकातल्या युरोपीय निसर्गचित्रांत बसलेला वाटसरू जागोजाग भेटतो. काठी आडवी टाकलेली, बोचकं मांडीशी, कुत्रं पायाशी, कधी सोबत बाई आणि पोर. कलेच्या इतिहासात अशा आकृत्यांना ‘स्टाफाज’ म्हणतात. त्या शब्दात भरणा केल्याचा, सामान मांडल्याचा सूर आहे, आणि तो मला खटकतो. ज्याच्यावर चित्राचं अंतर, उजेड आणि मोजमाप टेकलेलं असतं त्याला भरणा म्हणणं बरोबर नाही.

आधी मोजमापाचं बघू. सपाट जमिनीवर उभं राहून चित्रकार समोर पाहतो तेव्हा क्षितिजरेषा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. त्याच जमिनीवर त्याच्याच उंचीचा दुसरा माणूस दहा फुटांवर उभा असो की दोनशे फुटांवर, त्याचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात. लांब गेला की त्याचे पाय चित्रात वर सरकतात, डोकं जागच्या जागी राहतं. म्हणजे पुढच्या बाजूला चार माणसं उभी केली की चारही डोकी क्षितिजाला छेदणार. ज्या दूरच्या निळ्या टेकड्यांसाठी सगळा खटाटोप चाललाय त्याच टेकड्यांपुढे चार खांब उभे राहणार. तीच माणसं बसवली की प्रश्न मिटतो. जमिनीवर बसलेल्याचं डोकं जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर असतं, म्हणजे क्षितिजाच्या चांगलं दोन फूट खाली. नजर त्यांच्या डोक्यावरून सरळ पलीकडे जाते. विसावा हा विषय कवींना प्रिय होता हे खरं, पण चित्रकाराला त्याची गरज अशी भूमितीतून पडलेली होती.

जागा उंचावरची असेल तर हिशेब बदलतो. चित्रकाराचा डोळा जमिनीपासून १५ फुटांवर धरला आणि माणूस पाच फुटांचा धरला, तर माणसाची उंची ही त्याच्या पायापासून क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या एकतृतीयांश हवी. मग तो जवळ असो वा लांब. हा नियम पाळला नाही की चूक कशी दिसते? चित्र नुसतं ‘कुठेतरी चुकलंय’ असं वाटत राहतं. मधल्या पट्ट्यातला गुराखी एक पाव इंच मोठा झाला की त्याच्या मागचं झाड झुडूप होतं आणि नदीचा ओढा होतो. त्या काळच्या हौशी चित्रकारांच्या कामात हे नेहमी सापडतं. झाडं एका वहीतून आणि माणसं दुसऱ्या वहीतून उतरवली की दोघांचं क्षितिज जुळत नाही.

विल्सन हा मूळचा व्यक्तिचित्रकार. वेल्सचा माणूस, लंडनमध्ये शिकला, १७५० साली इटलीला गेला. व्हेनिसमध्ये त्याची फ्रांचेस्को झुकरेल्लीशी ओळख झाली. १७५१ मध्ये त्याने झुकरेल्लीचं व्यक्तिचित्र केलं आणि बदल्यात त्याच्याकडून एक निसर्गचित्र घेतलं. पुढची काही वर्षं रोममध्ये काढून १७५७च्या सुमारास परतला तो निसर्गचित्रकार होऊनच. माणसाचा देह काढायचा हात आधीच तयार होता, म्हणून त्याच्या चित्रातला बसलेला माणूस तीन इंचांचा असला तरी कमरेतून वाकतो, कोपरावर भार देतो. निसर्गचित्र करणाऱ्या सगळ्यांना हे जमत नव्हतं, आणि त्यात कोणाला कमीपणाही वाटत नसे. माणसं किंवा जनावरं दुसऱ्याकडून काढून घेण्याची रीतच होती. जॉर्ज बॅरेटच्या चित्रांत घोडे आणि गुरं सॉरी गिल्पिनच्या हातची असत. व्हेनिसमध्ये मार्को रिच्चीच्या डोंगरदऱ्यांत माणसं त्याचा काका सेबास्तियानो घालून देई. अशा चित्रांत जोड कुठे आहे ते ओळखायचं तर सावलीकडे बघावं. माणसावर उजेड डावीकडून आणि झाडावर किंचित समोरून, एवढा फरकही लक्षात येतो.

आता प्रत्यक्ष काम. इंग्लंडमध्ये रंगसाहित्य विकणाऱ्यांकडे ठरावीक मापाचे, अस्तर दिलेले कॅनव्हास तयार मिळत. ३० × २५ इंच आणि ५० × ४० इंच ही नेहमीची मापं. ती व्यक्तिचित्रांसाठी रूढ झालेली, निसर्गचित्रवाला तीच आडवी करून वापरी. तागाच्या कापडावर आधी सरसाचा हात, म्हणजे तेल धाग्यात उतरून तो कुजू नये. त्यावर जवसाच्या तेलात खललेला शिशाचा सफेदा आणि खडू यांचं अस्तर, त्यात थोडी माती किंवा काजळी मिसळून करडी किंवा बदामी छटा आणलेली. इटलीत हे अस्तर बऱ्याचदा तांबूस-तपकिरी असे. अस्तराचा रंग लपून राहत नाही. सावलीत रंग पातळ ठेवला की तो खालून झिरपतो, आणि पुढे शंभर वर्षांनी तर फारच.

विल्सनची पद्धत त्याच्या ओळखीच्या चित्रकारांच्या आठवणींमुळे टिकून राहिली आहे. काम तीन हातांत व्हायचं. पहिल्या हातात सगळं चित्र सपाट, मुलायम, ना फार उजळ ना फार गडद. पुढच्या जमिनीच्या सावल्या पातळ आणि स्वच्छ, सगळीकडे हवेची एकच निळसर-करडी छटा. हे पूर्ण वाळू द्यायचं. दुसऱ्या हातात प्रत्येक भागाचा रंग वाढवायचा, सावल्या खोल करायच्या, पण अजून मोकळं आणि सैल. उजेडाचे शेवटचे ठिपके नाहीत. पुन्हा वाळू द्यायचं. तिसऱ्या हातात छटा सुधारायच्या, पानांना धार द्यायची, पुढच्या जमिनीला ऊब आणायची. पाटीवर सफेदा, नेपल्स यलो, हिंगूळ, हलकी आणि गडद पिवळी माती, तांबडा आणि पिवळा ‘लेक’, काजळी, प्रशियन निळा, अल्ट्रामरीन आणि भाजलेली सिएना माती. ‘लेक’ म्हणजे वनस्पतीचा किंवा किड्याचा रंग तुरटीसारख्या पदार्थावर बसवून केलेली पारदर्शक भुकटी. ट्यूब तेव्हा नव्हत्या, त्या १८४१ नंतरच्या. वाटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशवीत बांधून मिळायचा. टाचणीने भोक पाडायचं, हवा तेवढा पिळायचा आणि भोकात खिळा खोचायचा. खिळा सैल बसला तर रंग पिशवीतच साय धरायचा.

बसलेला वाटसरू येतो तो या तिसऱ्या हाताच्या वेळी. डोंगर, पाणी, वाट, झाड सगळं जागेवर असतं. त्याच्यासाठी राखून ठेवलेली कोरी जागा बहुधा नसते. वाट आधीच रंगवून वाळलेली असते, आणि तो वाटेवर येऊन बसतो, अगदी खऱ्यासारखाच.

४० इंच उंचीच्या कॅनव्हासवर पुढच्या पट्ट्यातला बसलेला माणूस अडीच-तीन इंचांचा होतो, डोकं अर्ध्या-पाऊण इंचाचं. तो असा बसवतात. जिथे बसवायचा त्या जागेवर फडक्याने तेलाचा अगदी पातळ पुसट हात द्यायचा आणि लगेच टिपून घ्यायचा. हे केलं नाही तर वाळलेल्या गुळगुळीत रंगावर नवा रंग पाण्याच्या थेंबासारखा आक्रसतो. तेल जास्त राहिलं तर माणूस पुढे पिवळा पडतो. मग खडूने तीन खुणा: डोकं, बैठक, टाच. या तिघांतल्या बैठकीचा बिंदू सर्वांत महत्त्वाचा, कारण शरीराचा भार तिथे आहे. मग पातळ उंबरने (‘अंबर’ नावाच्या गडद तपकिरी मातीच्या रंगाने) सगळ्या देहाची एकच सावली टाकायची, हातपाय वेगळे न काढता. ती जरा चिकट झाली की अंगरख्याचा मधला रंग तीन-चार ठोक्यांत. चौथ्या ठोक्यानंतर थांबावं. पाचव्याला खालची सावली वर ओढली जाते आणि कापड मळतं. चेहऱ्याला एक मधली छटा, कपाळावर किंवा गालावर एक उजळ ठिपका, बस्स. डोळे काढायचे नाहीत. पाऊण इंचाच्या चेहऱ्यावर डोळे काढले की माणूस विसावलेला राहत नाही, तो आपल्याकडे टक लावून बघायला लागतो.

मग डोक्याच्या फडक्याला किंवा सदऱ्याच्या बाहीला जाड सफेद्याचा एक ठिपका. पुढच्या सगळ्या तपकिरी पट्ट्यात इतका पांढरा दुसरीकडे कुठेही ठेवायचा नाही. आणि अंगरखा हिंगुळाचा असेल तर तो तांबडाही एकाच जागी. झाडांच्या हिरव्या-तपकिरी पसाऱ्यात हाताच्या नखाएवढा तांबडा पुरतो. सगळा हिरवा त्याने जागा होतो आणि आपोआप मागे सरकतो. या युक्तीचा विल्सनपेक्षा बेताने वापर मी फार थोड्यांच्या कामात पाहिला आहे. बाकीच्यांना तांबडं आवरत नाही. तीन तांबडे कोट घातले की वाटसरूंची पलटण होते.

दोन गोष्टी अजून राहतात, आणि नवशिका नेमक्या त्याच विसरतो. पहिली, बैठकीखालची सावली. ती अंगाच्या सावलीपेक्षा गडद आणि जमिनीला चिकटलेली हवी. जरा फट राहिली की माणूस गवतावर तरंगतो. दुसरी, गवत. माणूस झाल्यावर अणकुचीदार कुंचल्याने गवताच्या तीन-चार काड्या त्याच्या टाचेवरून, बोचक्याच्या कडेवरून ओढायच्या. एवढ्याने तो चित्रावर ठेवलेला न राहता चित्रात बसतो. जुन्या चित्राजवळ नाक नेऊन बघितलं तर या काड्या दिसतात, आणि ज्याने त्या ओढल्या त्याचा हात किती हलका होता तेही कळतं.

माणसं कोणती बसवायची, याचंही गणित चुकू शकतं. विल्सनने १७६० साली ग्रीक पुराणकथेतल्या नायोबीच्या मुलांच्या संहाराचं मोठं चित्र प्रदर्शनात मांडलं. वादळी आकाश, कोसळणारं पाणी आणि ढगावर गुडघा टेकून बाण सोडणारा अपोलो देव. विल्यम वूलेटने १७६१ मध्ये त्याचं कोरीवचित्र केलं आणि ते खूप खपलं. पण चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने १७८८च्या आपल्या व्याख्यानात त्यावर बोट ठेवलं: विल्सनची निसर्गचित्रं खऱ्या साध्या निसर्गाच्या इतकी जवळची आहेत की त्यांत देवदेवता सामावत नाहीत, तो ढग देवाला पेलणारा नाही. विल्सन तोवर जिवंत नव्हता, १७८२ मध्येच गेला होता, आणि मृत माणसावर अशी टीका करणं मला रुचत नाही. पण निरीक्षण खरं आहे. विल्सनच्या ढगांत पाऊस असतो, त्याच्या दगडांना वजन असतं. तिथे दमलेला माणूसच शोभतो.

त्याच व्याख्यानात रेनॉल्ड्सने गेन्सबरो या दुसऱ्या इंग्रज चित्रकाराबद्दल सांगितलं. गेन्सबरो टेबलावर दगडांचे तुकडे, वाळलेल्या वनस्पती, आरशाचे तुकडे मांडून त्यांतून खडक, झाडं आणि पाणी उभं करायचा. दुसऱ्यांच्या आठवणींत कोळसा आणि ब्रोकोलीही येते. त्याचे बसलेले शेतकरी आणि लाकूडतोडे त्या टेबलावरच्या रानात विसावा घेतात. सुंदर असतात, पण वाट कुठून आली आणि कुठे जाते ते कळत नाही. विल्सनच्या बसलेल्याकडे पाहिलं की त्याने किती चढ मागे टाकलाय ते कळतं. ‘होल्ट ब्रिज ऑन द रिव्हर डी’ या चित्रात वेल्स आणि इंग्लंड जोडणारा जुना दगडी पूल मागे आहे आणि लोक अलीकडच्या उंच काठावर आहेत. पूल ओलांडून आलेल्याला जिथे दम लागेल, जागा नेमकी तीच.

बाहेरच्या खऱ्या रस्त्यावर मात्र बसणं इतकं सोपं नव्हतं. इंग्लंडमध्ये १७४४चा भटक्यांविषयीचा कायदा लागू होता. धान्याच्या कोठारात, पडवीत किंवा उघड्यावर मुक्काम करणारा आणि आपली नीट ओळख पटवू न शकणारा माणूस त्यानुसार गुन्हेगार ठरायचा, त्याला फटके मारून मूळ गावी पाठवता यायचं. आणि त्याच देशातल्या जमीनदारांच्या दिवाणखान्यांत बोचकं टाकून बसलेल्या माणसांची चित्रं सोनेरी चौकटीत लागत होती. हे मनात ठेवून त्या तीन इंचांच्या माणसाकडे पाहिलं की त्याचं शांत बसणं अंगावर येतं.

विल्सनची ही रीत हिंदुस्थानात आली ती त्याच्या शिष्याबरोबर. विल्यम हॉजेस त्याच्या हाताखाली तयार झाला, कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर चित्रकार म्हणून १७७२ ते १७७५ फिरला, आणि १७८० ते १७८३ हिंदुस्थानात होता. त्याच्यामागून १७८६ मध्ये कलकत्त्याला पोचलेले टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम. १७९३ मध्ये ते मुंबईला आले तेव्हा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे होता. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून चित्रं काढणारा तो हाच. त्याच्यासोबत डॅनियलांनी घारापुरी, कार्ला, कान्हेरी पाहिली. वेरूळची वेल्सची रेखाटनं त्याच्या मृत्यूनंतर टॉमस डॅनियलने छापून काढली. पुण्याचा गंगाराम तांबट याच सुमाराला वेरूळची लेणी रेखाटत होता. लेण्याच्या अशा चित्रात खांबाच्या पायथ्याशी टेकलेला माणूस दिसला की त्याचं काम थेट मोजपट्टीचं असतं: खांबाशेजारी माणूस नसेल तर तो खांब दहा फुटांचा की चाळीस फुटांचा ते घरी बसलेल्या इंग्रजाला कळणार कसं?

पण इकडच्या चित्रांत मला एक ओढाताण दिसते. विल्सनची सगळी रचना कलत्या उन्हाची आहे. बाजूने येणारा उजेड, लांब सावल्या, पुढचा पट्टा झाडाच्या छायेत आणि मधला उजळलेला. आपल्याकडे वाटसरू बसतो तो भर दुपारी, सावली पायाखाली गोळा झालेली असते तेव्हा. सकाळ-संध्याकाळ तो चालत असतो. वडाखाली शिदोरी सोडून बसलेली माणसं आणि वर कलतं सोनेरी ऊन, असं चित्र समोर आलं की वेळ जुळत नाही. उजेड रोमचा आणि दमणूक इथली. तरीही वडाच्या पारंब्यांमधली ती बारीक माणसं इतकी आपली वाटतात की मी वेळेचा हिशेब सोडून देतो.

आता दुखण्याकडे. जो सगळ्यांत शेवटी आला त्याच्यावर काळ सगळ्यांत आधी हात टाकतो, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण तेलाचं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि पुढची शे-दीडशे वर्षं बदलत राहतं. नवं असताना तेल आणि सफेदा यांच्यात प्रकाश वळवण्याच्या ताकदीत मोठी तफावत असते, म्हणून सफेदा झाकतो. तेल जुनं होतं तशी ती तफावत घटते, शिवाय शिसं आणि तेलातली आम्लं मिळून साबणासारखा पदार्थ तयार होतो, आणि थर हळूहळू पारदर्शक होत जातो. जाड थराला त्याने फारसं काही होत नाही. पातळ तीन-चार ठोक्यांत बसवलेल्या माणसाला होतं. त्याच्या गुडघ्यातून वाटेची कड दिसायला लागते, पाठीतून दगड.

दुसरं कारण रंगाचं. तांबड्या अंगरख्याच्या घड्या तांबड्या ‘लेक’ने काढलेल्या असतील तर उजेडाने त्या उडतात, हिंगूळ राहतो, घड्या जातात आणि अंगरखा पत्र्याच्या तुकड्यासारखा सपाट होतो. प्रशियन निळ्यात सफेदा भरपूर असेल तर निळाही फिकटतो. मागच्या झाडांत पिवळा ‘लेक’ आणि निळा मिसळून हिरवा केलेला असला तर पिवळा उडून झाड निळं पडतं. मग माणूस फिकट आणि त्यामागचं झुडूप दूरच्या टेकडीसारखं निळं, म्हणजे जवळ-लांबचा सगळा हिशेब उलटा.

तिसरं कारण घाईचं. मस्तकी नावाच्या राळेचं व्हार्निश आणि शिसं घालून शिजवलेलं तेल मिसळलं की जेलीसारखं माध्यम होतं, त्याला ‘मेगिल्प’ म्हणत. कुंचल्याला ते फार गोड लागतं, रंग जिथे ठेवाल तिथे राहतो. पण ते पिवळं पडतं, तडकतं, आणि पुढे कधी व्हार्निश उतरवायला द्रावक लावलं तर व्हार्निशबरोबर रंगही उतरतो. डांबरी तपकिरी त्याहून वाईट, ती पुरती वाळतच नाही. अशा ओल्या तपकिरीवर लवकर वाळणाऱ्या सफेद्याचा ठिपका दिला की वरचा थर आकसतो, खालचा सरकतो, आणि उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या रुंद भेगा पडतात. डोक्याचं फडकं एका बेटावर आणि खांदा दुसऱ्या बेटावर. नियम साधा आहे, लवकर वाळणारं खाली, उशिरा वाळणारं आणि जास्त तेलाचं वर. पण प्रदर्शनाची तारीख जवळ आली की तो मोडला जायचा.

चौथं कारण त्याच्या बसण्याच्या जागेचं, आणि याचा विचार सहसा होत नाही. वाटसरू बसतो चित्राच्या खालच्या पट्ट्यात. कॅनव्हास ताणायला चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात. त्या सैल होऊन मागे पडतात आणि खालची पट्टी आणि कापड यांच्या खाचेत अडकतात; वरून धूळ, भिंतीचा चुना, कधी खिळाही. पुढून तिथे फुगवटा येतो, फुगवट्यावर रंग तडकतो आणि कपच्या सुटतात. चौकटीतून चित्र काढल्यावर पहिली गोष्ट करायची ती हीच: चित्र उभंच ठेवून मागची खाच मऊ ब्रशने आणि पातळ पट्टीने मोकळी करायची, पाचरी सापडतील त्या परत आपापल्या कोपऱ्यात. चित्र आडवं करून झटकलं तर आतला खिळा कापडाला आणखी जखम करतो.

मग माणसांच्या हातून झालेलं. जुन्या कॅनव्हासला मागून नवं कापड खळीने चिकटवून गरम इस्त्री फिरवायची पद्धत इंग्लंडमध्ये सर्रास होती. इस्त्री जड झाली की जाड सफेद्याचा तो एकमेव ठिपका चेपला जातो. ठिपका उंच असतो तेव्हा बाजूच्या उजेडात स्वतः चमकतो. चेपल्यावर नुसता पांढरा डाग उरतो. व्हार्निश उतरवतानाही नुकसान त्याचंच. आकाशाचा सफेदा घट्ट असतो, तो पुसणं सोसतो, म्हणून पुसणाऱ्याचा हात तिथे सैलावतो. तोच हात खाली आला की छायेतला अर्धा चेहरा बोळ्यावर येतो. म्हणूनच जाणते लोक चाचणी आकाशात घेऊन थांबत नाहीत, खालच्या गडद पट्ट्यात कडेला, नखाएवढ्या जागेत वेगळी घेतात, आणि बोळ्यावर तपकिरी छटा आली की तिथेच थांबतात. पूर्वी घासल्या गेलेल्या चेहऱ्यावर मग कोणीतरी नवा चेहरा काढायचा, तेलातच, आणि तो काही वर्षांत भोवतालच्या रंगापेक्षा काळवंडायचा. अशा चेहऱ्याला बहुतेक वेळा डोळे असतात. तिथेच शंका घ्यावी.

संग्रहालयात आपल्या हातात काही नसतं, पण डोळे असतात. चित्रासमोरून एका बाजूला सरकून खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड पृष्ठभागावर तिरपा पडेल अशा जागी उभं राहावं. वाटेचा कुंचल्याचा उंचवटा माणसाच्या अंगाखालून सलग जातोय का, की त्याच्या कडेला येऊन थांबतोय, ते दिसतं. थांबत असेल तर त्याची जागा आधीपासून राखलेली होती. सलग जात असेल तर तो नंतर आला. प्रयोगशाळेत अतिनील उजेडाखाली जुनं व्हार्निश हिरवट धुकं धरतं आणि नंतरची डागडुजी त्यावर काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. बसलेल्या माणसांभोवती हे ठिपके बहुधा दाटीने असतात.

एक्स-रेमध्ये तर आणखी वेगळं दिसतं. किरणांना अडवतात ती जड द्रव्यं, शिशाचा सफेदा आणि पाऱ्याचा हिंगूळ. उंबर, माती, काजळी, ‘लेक’ यांतून किरण सहज आरपार जातात. म्हणून फिल्मवर वाटसरूचा देह नसतो. मांडी नाही, काठी नाही, बोचकं नाही, चेहऱ्याची छाया नाही. डोक्यावरच्या फडक्याचा एक उजळ ठिपका असतो, त्याखाली अंगरख्याचे तीन-चार ठोके, आणि त्या दोहोंमधून कुठेही न थांबता वाटेचा पांढरट फटकारा सरळ पलीकडे गेलेला असतो.